विश्व माणसाला पूर्णपणे कळेल का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खगोलशास्त्रावरील जवळपास प्रत्येक जाहीर व्याख्यानाच्या शेवटी कोणीतरी हा प्रश्न विचारतेच, आणि वेळ संपत आलेली असल्याने त्याची बोळवण एखाद्या वाक्यात होते. काही जण "विज्ञान एक दिवस सारे शोधून काढेल" असे सांगतात, काही जण "माणसाची बुद्धी तोकडी आहे" असे म्हणून थांबतात. ही दोन्ही उत्तरे अपुरी आहेत, कारण काय कळू शकते, काय कळू शकत नाही आणि कशाबद्दल आज बोलताच येत नाही, याविषयी गेल्या शंभर वर्षांत बरेच नेमके ज्ञान हाती आले आहे. त्या ज्ञानाच्या आधारे पुढील उत्तरे दिली आहेत.

थोडक्यात उत्तर काय आहे?

थोडक्यात उत्तर "नाही" असे आहे. मात्र या प्रश्नात तीन निरनिराळ्या मागण्या मिसळलेल्या असतात आणि त्यांची उत्तरे वेगवेगळी आहेत. विश्वातील प्रत्येक वस्तूची आणि घटनेची माहिती मिळवणे ही पहिली मागणी. ती पूर्ण होणे अशक्य आहे, आणि हे अशक्यत्व केवळ मत नसून ते दाखवून देता येते. विश्व ज्या मूलभूत नियमांनी चालते ते सर्व नियम शोधणे ही दुसरी मागणी. ती पूर्ण होईल की नाही हे आज कोणालाही प्रामाणिकपणे सांगता येणार नाही. मुळात विश्व आहे तरी का, ही तिसरी मागणी. तिचे समाधानकारक उत्तर कसे असेल याचीच आपल्याला कल्पना नाही, त्यामुळे ते मिळेल की नाही यावर पैज लावण्यात अर्थ नाही.

दुर्बिणी अधिक शक्तिशाली होत गेल्या, तर सगळे विश्व दिसणार नाही का?

दिसणार नाही, आणि यात दुर्बिणीचा काहीच दोष नाही. विश्वाचे वय सुमारे १३८० कोटी वर्षे आहे आणि प्रकाशाचा वेग मर्यादित आहे, त्यामुळे या काळात ज्या ठिकाणाहून निघालेला प्रकाश आपल्यापर्यंत पोहोचू शकला तेवढाच भाग आपल्याला दिसतो. प्रकाश प्रवासात असताना अवकाश प्रसरण पावत राहिल्यामुळे या दृश्य विश्वाची सीमा आज आपल्यापासून सुमारे ४६०० कोटी प्रकाशवर्षे दूर आहे. त्यापलीकडेही विश्व आहे असे मानायला सबळ कारणे आहेत, पण ते किती आहे, अनंत आहे की सांत, हे निरीक्षणातून ठरलेले नाही.

थांबून वाट पाहिली तर हळूहळू सारे दिसू लागेल, असे येथे अनेकांना वाटते. १९९८ पर्यंत तसे मानायला वाव होता. त्या वर्षी दूरच्या अतिनवताऱ्यांच्या (स्फोट पावणाऱ्या ताऱ्यांच्या) निरीक्षणातून दोन स्वतंत्र गटांना विश्वाचे प्रसरण मंदावत नसून त्याला गती येत असल्याचे आढळले, आणि या शोधासाठी सॉल पर्लमटर, ब्रायन श्मिट आणि ॲडम रीस यांना २०११ चे नोबेल पारितोषिक मिळाले. या वाढत्या गतीचा परिणाम असा, की आज आपल्यापासून साधारण १६०० ते १७०० कोटी प्रकाशवर्षांपेक्षा अधिक दूर असलेल्या दीर्घिकेतून या क्षणी निघणारा प्रकाश आपल्यापर्यंत कधीही येणार नाही, कितीही काळ लोटला तरी नाही. दृश्य विश्वातील बहुतेक दीर्घिका या अंतराच्या पलीकडे आहेत. त्यांची जी रूपे आपण पाहतो ती अब्जावधी वर्षांपूर्वीची आहेत. त्यांचे आजचे वर्तमान आपल्यासाठी कायमचे बंद झालेले आहे. या मर्यादेला क्षितिज म्हणतात.

याच गणिताचे पुढचे पाऊल अधिक अस्वस्थ करणारे आहे. प्रसरण असेच वाढत राहिले, तर काही दहा हजार कोटी वर्षांनंतर आपल्या स्थानिक समूहाबाहेरच्या (आपली आकाशगंगा आणि तिच्या शेजारच्या दीर्घिका यांपलीकडच्या) सर्व दीर्घिका दिसेनाशा झालेल्या असतील आणि महास्फोटाच्या खुणा मोजता येण्याच्या पलीकडे विरळ झालेल्या असतील. त्या काळी एखाद्या ग्रहावर बुद्धिमान जीव असतील आणि त्यांनी अत्यंत काळजीपूर्वक विज्ञान केले, तर सगळे विश्व म्हणजे एकच स्थिर दीर्घिका आहे असा निष्कर्ष ते काढतील. त्यांच्या तर्कात कोणतीही चूक नसेल आणि तरीही ते चुकलेले असतील. आपल्या बाबतीतही असे काही पुरावे आधीच पुसले गेले असतील का, हा विचार मला या साऱ्या विषयातील सर्वांत गंभीर विचार वाटतो.

भूतकाळात किती मागे पाहता येते?

प्रकाशाच्या आधारे महास्फोटानंतरच्या सुमारे ३,८०,००० वर्षांपर्यंत. त्याआधी विश्व इतके तप्त होते की इलेक्ट्रॉन आणि अणुकेंद्रे सुटी होती आणि प्रकाश त्यांच्यात सतत विखुरला जात असे. तापमान उतरून अणू तयार झाले तेव्हा विश्व पारदर्शक झाले आणि तेव्हा मोकळा झालेला प्रकाश आज सूक्ष्मलहरींच्या रूपात सर्व दिशांनी आपल्याकडे येतो. न्यू जर्सीतील होल्मडेल येथे आर्नो पेंझियास आणि रॉबर्ट विल्सन यांनी १९६४ मध्ये एका ॲंटेनावर हा संदेश पहिल्यांदा टिपला. त्याचे तापमान निरपेक्ष शून्याच्या जेमतेम २.७ अंश वर आहे. ढगाळ दिवशी आपल्याला ढगाचा खालचा पृष्ठभाग दिसतो आणि त्यामागचा सूर्य दिसत नाही, तसेच हे आहे: त्या पृष्ठभागाचे चित्र आपल्याकडे विलक्षण बारकाव्यांसह आहे, पलीकडचे मात्र नाही.

पलीकडे पोहोचण्याचे दोन मार्ग तत्त्वतः उघडे आहेत. महास्फोटानंतर साधारण एका सेकंदाने मोकळे झालेले न्यूट्रिनो (द्रव्यातून जवळपास न अडता आरपार जाणारे अतिसूक्ष्म कण) आजही सगळीकडे पसरलेले असले पाहिजेत, परंतु त्यांची ऊर्जा इतकी कमी आहे की ते थेट टिपणे आजवर जमलेले नाही. दुसरा मार्ग गुरुत्वीय लहरींचा, म्हणजे अवकाशातच उठणाऱ्या तरंगांचा, कारण त्यांना अगदी सुरुवातीचे विश्वही अडवू शकत नव्हते. कृष्णविवरांच्या मिलनातून आलेली अशी लहर १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील लायगो वेधशाळांनी प्रथम टिपली. आरंभकाळातील लहरी सापडणे अजून बाकी आहे.

आपल्याला एकच विश्व पाहायला मिळते, याने नेमके काय अडते?

हा प्रश्न कमी लोक विचारतात, पण तो विचारला जावा असे मला मनापासून वाटते, कारण येथे ज्ञानाची मर्यादा अगदी आकड्यांत दिसते. वैद्यकात एका औषधाचा परिणाम हजारो रुग्णांवर पाहता येतो. विश्वरचनाशास्त्रात तपासायला नमुनाच एक आहे. आपले सिद्धांत आरंभीच्या विश्वातील चढउतारांबद्दल, म्हणजे घनता आणि तापमानातील किंचित फरकांबद्दल, केवळ सरासरी सांगतात. प्रत्यक्षात कोणता चढउतार कोठे येईल, हा योगायोगाचा भाग असतो. लहान आकाराच्या चढउतारांचे आकाशात असंख्य नमुने मिळतात, त्यामुळे सरासरी चोख काढता येते. परंतु संपूर्ण आकाशभर पसरलेल्या सर्वांत मोठ्या नक्षीबद्दल एका आकाशातून अवघे ५ स्वतंत्र आकडे मिळतात, त्याहून एकही अधिक मिळू शकत नाही.

हे केवळ कागदावरचे नाही. १९८९ मध्ये सोडलेला कोबे, २००१ मधील डब्ल्यूमॅप आणि २००९ मधील प्लँक या, वर सांगितलेल्या सूक्ष्मलहरी मोजणाऱ्या, तिन्ही उपग्रहांना ही सर्वांत मोठी नक्षी सिद्धांताच्या अपेक्षेपेक्षा फिकी आढळली. सिद्धांतात काही उणीव आहे, की आपल्या वाट्याला आलेले आकाश योगायोगाने तसे आहे? प्लँकपेक्षा शंभरपट अचूक उपग्रह उद्या सोडला, तरी हे पाच आकडे पाचच राहतील. अन्य मार्गांनी थोडेफार काही कळू शकेल, पण या मापनापुरता हा प्रश्न बहुधा कायम अनिर्णीत राहील.

"हे कधीच कळणार नाही" असे पूर्वीही म्हटले गेले आणि ते खोटे ठरले. मग आजच्या मर्यादांवर विश्वास का ठेवावा?

आक्षेप रास्त आहे आणि त्याचे सर्वांत चांगले उदाहरण फ्रेंच तत्त्वज्ञ ओग्युस्त कोंत यांचे आहे. ताऱ्यांचे आकार, अंतरे आणि गती कदाचित मोजता येतील, पण ते कोणत्या द्रव्याचे बनले आहेत हे आपल्याला कोणत्याही उपायाने कळणार नाही, असे त्यांनी १८३५ मध्ये लिहिले. त्यांच्या निधनानंतर दोनच वर्षांनी, १८५९ मध्ये, हायडेलबर्ग येथे गुस्ताव किर्खोफ आणि रॉबर्ट बुन्सेन यांनी वर्णपटातील (प्रकाशाचे रंग वेगळे केल्यावर दिसणाऱ्या पट्ट्यातील) रेषांवरून मूलद्रव्य ओळखण्याची पद्धत सिद्ध केली आणि सूर्यातील सोडियमसारखी मूलद्रव्ये पृथ्वीवर बसून ओळखता येऊ लागली.

पुढची कथा भारताशी जोडलेली आहे. १८ ऑगस्ट १८६८ चे खग्रास सूर्यग्रहण पियेर जान्सेन यांनी गुंटूर येथून पाहिले आणि सूर्याच्या कडेवरील ज्वालांच्या वर्णपटात तेजस्वी रेषा नोंदवल्या. त्याच वर्षी नॉर्मन लॉकियर यांनी इंग्लंडमधून, ग्रहण नसतानाही, अशाच रेषांचा अभ्यास केला. त्यातील एक पिवळी रेषा कोणत्याही ज्ञात मूलद्रव्याशी जुळेना. हेच हेलियम, जे पृथ्वीवर विल्यम रॅम्से यांना १८९५ मध्ये सापडले. (लॉकियर यांनी हा वेध विजयदुर्ग किल्ल्यावरून घेतला असे आपल्याकडे वारंवार छापले जाते, ते खरे नाही.) १९२० मध्ये मेघनाद साहा यांनी तापमान व दाब यांनुसार अणूंचे आयनीभवन (अणूंतून इलेक्ट्रॉन सुटण्याचे प्रमाण) कसे बदलते याचे समीकरण मांडले, आणि ते वापरून सिसिलिया पेन यांनी १९२५ मध्ये तारे मुख्यतः हायड्रोजनचे बनलेले असल्याचे दाखवले. हा निष्कर्ष इतका अनपेक्षित होता की ज्येष्ठ खगोलशास्त्रज्ञ हेन्री नॉरिस रसेल यांच्या आग्रहामुळे पेन यांना आपल्याच प्रबंधात तो खरा नसावा असे लिहावे लागले. चार वर्षांनी रसेल यांनी स्वतःच्या अभ्यासातून तो मान्य केला.

तरीही कोंत यांची मर्यादा आणि आज सांगितल्या जाणाऱ्या मर्यादा यांत महत्त्वाचा फरक आहे. ताऱ्यावर जाऊन नमुना आणता येत नाही म्हणून त्याचे द्रव्य कळणार नाही, असे कोंत यांनी धरले होते. कोणताही नियम त्या ज्ञानाच्या आड येत नव्हता, केवळ कल्पना कमी पडली होती. वर उल्लेखलेले क्षितिज मात्र त्याच सिद्धांतातून निघते ज्याच्या आधारे आपण बाकीचे विश्व समजून घेतले आहे. अर्थात तो सिद्धांतही बदलू शकतो. प्रसरणाची गती पुढे मंदावली, तर क्षितिजही सरकेल. म्हणून "आजच्या भौतिकशास्त्रानुसार अशक्य" एवढेच म्हणणे योग्य ठरते, आणि ते "आज जमत नाही" यापेक्षा बरेच अधिक वजनदार विधान आहे.

विश्वाचा ९५ टक्के भाग आपल्याला माहीतच नाही, हे खरे आहे का?

अर्धे खरे आहे. प्लँक उपग्रहाच्या मापनांनुसार विश्वातील एकूण द्रव्य-ऊर्जेपैकी सुमारे ५ टक्के आपल्या ओळखीचे द्रव्य आहे, सुमारे २७ टक्के कृष्णद्रव्य (न दिसणारे, पण गुरुत्वाकर्षणातून जाणवणारे द्रव्य) आणि सुमारे ६८ टक्के कृष्णऊर्जा (प्रसरणाला गती देणारी ऊर्जा) आहे. कृष्णद्रव्य कोणत्या कणांचे आहे आणि कृष्णऊर्जा म्हणजे नेमके काय, हे माहीत नाही. परंतु त्यांचे प्रमाण, कृष्णद्रव्याची आकाशातील वाटणी आणि दीर्घिकांच्या घडणीवरील त्यांचा परिणाम बऱ्याच अचूकपणे माहीत आहे. एखाद्या गोष्टीबद्दल काहीच ठाऊक नसते, तर तिची टक्केवारी देता आली नसती.

महास्फोटाचा सिद्धांत अंतिम आहे का?

तप्त आणि घन अवस्थेतून विश्व प्रसरण पावत आले, एवढा भाग भक्कम पुराव्यावर उभा आहे. अगदी पहिल्या क्षणाबद्दल मात्र सिद्धांत मौन बाळगतो, कारण तेथे सापेक्षता (गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत) आणि पुंजयांत्रिकी (अणू व त्याहून सूक्ष्म कणांचे शास्त्र) यांची सांगड घालावी लागते आणि ती अजून जमलेली नाही. त्या पातळीचे प्रयोग थेट करायचे, तर जिनिव्हाजवळील २७ किलोमीटर परिघाच्या महाकाय कणत्वरकापेक्षा एकावर पंधरा शून्ये इतक्या पटीने अधिक ऊर्जा लागेल.

मराठी वाचकांना या संदर्भात खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकर यांची आठवण होणे साहजिक आहे. फ्रेड हॉईल यांच्यासह त्यांनी स्थिर स्थिती सिद्धांतावर (विश्वाला आरंभ नाही, असे मानणाऱ्या सिद्धांतावर) काम केले आणि १९९३ मध्ये हॉईल व जेफ्री बर्बिज यांच्याबरोबर त्याचे सुधारित रूप मांडले. बहुसंख्य शास्त्रज्ञांनी ते स्वीकारले नाही आणि सूक्ष्मलहरींचे पुरावे पाहता त्यांचा निर्णय योग्य होता असे मला वाटते. पण एका नमुन्यावर उभ्या असलेल्या शास्त्रात सर्वांनी एकाच दिशेने पाहू नये, हा नारळीकरांचा आग्रह त्यांच्या प्रतिरूपापेक्षा अधिक टिकाऊ ठरला आहे.

गणितच अपूर्ण आहे असे गोडेल यांनी सिद्ध केले. मग भौतिकशास्त्र पूर्ण कसे होणार?

या निष्कर्षावर अनेक जण घाईने पोहोचतात. ८ सप्टेंबर १९३० रोजी क्योनिग्सबर्ग येथील भाषणात थोर गणितज्ञ डेव्हिड हिल्बर्ट यांनी "आपल्याला जाणलेच पाहिजे, आपण जाणूच" असे ठामपणे सांगितले. त्याच शहरात, आदल्याच दिवशी, चोवीस वर्षांच्या कुर्ट गोडेल यांनी एका चर्चेत आपला निष्कर्ष प्रथम जाहीर केला होता: अंकगणित सामावून घेणाऱ्या कोणत्याही सुसंगत, नियमबद्ध पद्धतीत अशी काही खरी विधाने राहतातच जी त्या पद्धतीत सिद्ध करता येत नाहीत.

यावरून मूलभूत नियम सापडणारच नाहीत असे ठरत नाही, कारण नियम थोडके आणि नेमके असू शकतात. नियम हाती आल्यानंतर त्यांचे सर्व परिणाम काढता येतील, ही खात्री मात्र जाते. २०१५ मध्ये टोबी क्युबिट, दाविद पेरेझ-गार्सिया आणि मिखाएल वोल्फ यांनी दाखवले की अनंत विस्ताराच्या काल्पनिक पदार्थाच्या कणांमधील परस्परक्रियांचे संपूर्ण वर्णन दिले, तरी त्याच्या सर्वांत खालच्या आणि त्यावरच्या ऊर्जापातळीत अंतर आहे की नाही हे प्रत्येक वेळी ठरवून देणारी कोणतीही सार्वत्रिक पद्धत असू शकत नाही.

सर्व नियम कळले, तर निदान भविष्य तरी सांगता येईल ना?

फ्रेंच गणितज्ञ लाप्लास यांनी १८१४ मध्ये तशी कल्पना मांडली होती: सर्व कणांची स्थिती आणि त्यांवरील बले जाणणाऱ्या बुद्धीला भूत आणि भविष्य सारखेच स्पष्ट दिसेल. कणाचे स्थान आणि संवेग (वस्तुमान गुणिले वेग) एकाच वेळी हवे तितके अचूक असू शकत नाहीत, हे जर्मन भौतिकशास्त्रज्ञ हायझेनबर्ग यांनी १९२७ मध्ये दाखवले आणि त्या कल्पनेचा पायाच गेला. पण पुंजयांत्रिकी बाजूला ठेवली तरी अडचण उरते. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जाक लास्कार यांच्या गणनेनुसार पृथ्वीचे आजचे स्थान मोजताना केवळ १५ मीटरची चूक झाली, तर १० कोटी वर्षांनंतर पृथ्वी आपल्या कक्षेत कोठे असेल हे सांगता येत नाही. सूर्यमालेचे नियम आपल्याला तीनशे वर्षांहून अधिक काळ ठाऊक आहेत. तरीही ही स्थिती आहे.

माणसाचा मेंदूच अपुरा पडत असेल तर?

तशी शक्यता आहे आणि ती खोडून काढता येत नाही. मात्र चौमितीय वक्र अवकाश कोणाच्याही डोळ्यांसमोर उभे राहत नसताना आइन्स्टाइन यांच्या समीकरणांनी त्याचे गणित चोख करता येते, एवढे लक्षात ठेवावे. मेंदूपेक्षा मोठी अडचण अशी की जाणणारा स्वतः विश्वाच्या आतच आहे. दृश्य विश्वात साधारण एकावर ऐंशी शून्ये इतके अणू आहेत; त्या सर्वांची संपूर्ण नोंद ठेवण्यासाठी लागणारी वहीदेखील त्याच अणूंची करावी लागेल.

हे सर्व नासदीय सूक्तात आधीच सांगितलेले नाही का?

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील या सूक्तात सृष्टी कोठून आली हे खरोखर कोणाला माहीत आहे, असा प्रश्न आहे, आणि तिचा अध्यक्षही ते जाणत असेल किंवा नसेल, अशा शंकेवर ते थांबते. इतक्या प्राचीन काळी इतकी निर्भीड शंका उच्चारली गेली याचा अभिमान जरूर वाटावा. परंतु त्यात प्रसरण, वय किंवा क्षितिज यांचे ज्ञान शोधणे हा त्या शंकेवरच अन्याय आहे.

विज्ञानाला सगळे कळत नाही, मग इतर दाव्यांना तितकाच मान का देऊ नये?

कारण एखाद्या प्रश्नाचे उत्तर कोणाकडेच नसणे हा कोणत्याही विशिष्ट उत्तराचा पुरावा होत नाही. विज्ञानाच्या मर्यादा मोजून, गणिताने आणि निरीक्षणाने दाखवलेल्या आहेत. आपल्याला किती कळणार नाही हेही आकड्यांत सांगू शकणे ही त्याची मोठी कमाई आहे. त्या मर्यादांचा आधार घेऊन कुंडली किंवा ग्रहशांती विकणाऱ्यांना त्यातून कोणताही अधिकार मिळत नाही.

येत्या काही दशकांत यांपैकी काय कळू शकेल?

बरेच काही कळू शकेल. विश्वाच्या प्रसरणाचा दर आरंभीच्या प्रारणावरून (वर सांगितलेल्या सूक्ष्मलहरींवरून) काढला तर दर मेगापार्सेकला (सुमारे ३२.६ लाख प्रकाशवर्षांना) सेकंदास सुमारे ६७ किलोमीटर येतो आणि जवळच्या ताऱ्यांवरून व अतिनवताऱ्यांवरून मोजला तर तो ७३ च्या आसपास येतो. ही तफावत मापनातील चूक आहे की नव्या भौतिकशास्त्राची चाहूल, याचा निकाल लागण्याची आशा आहे. कृष्णऊर्जा काळानुसार बदलत असावी असे संकेत अमेरिकेतील डेसी या, लाखो दीर्घिकांची अंतरे मोजणाऱ्या, प्रकल्पाने २०२४ आणि २०२५ मध्ये दिले आहेत. ते टिकले, तर क्षितिजाविषयी वर केलेली विधाने पुन्हा तपासावी लागतील. हिंगोली जिल्ह्यातील औंढा येथे चार किलोमीटर लांबीच्या भुजा असलेल्या लायगो-इंडिया वेधशाळेला केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२३ मध्ये मंजुरी दिली असून, ती सुरू झाल्यावर गुरुत्वीय लहरी आकाशात नेमक्या कोठून आल्या हे अधिक अचूकपणे ठरवता येईल.

नारायणगावजवळ खोडद येथील ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची जीएमआरटी दुर्बीण गोविंद स्वरूप यांनी उभारली, तेव्हा आरंभीच्या विश्वातील हायड्रोजनचा मुळात २१ सेंटिमीटर लहरलांबीचा रेडिओ संदेश शोधणे हा तिच्या प्रमुख हेतूंपैकी एक होता. त्या दुर्बिणीच्या निरीक्षणांतून २०२३ मध्ये सुमारे ८८० कोटी वर्षांपूर्वीच्या एका दीर्घिकेतील हायड्रोजनचा संदेश सापडल्याचे जाहीर झाले. पहिले तारे पेटण्यापूर्वीच्या काळातील हायड्रोजनचा संदेश मात्र प्रसरणामुळे ताणला जाऊन आज दहा मीटरपेक्षा अधिक लांबीच्या लहरींच्या रूपात येतो, आणि पृथ्वीचे आयनावरण (वातावरणाचा विद्युतभारित वरचा थर) अशा लहरी विकृत करते किंवा अडवते. त्यावर आपल्याच रेडिओ प्रसारणांचा गोंगाटही पडतो. म्हणून हा संदेश टिपण्यासाठी चंद्राच्या पलीकडच्या बाजूला अँटेना बसवण्याच्या योजनांवर सध्या अनेक देशांत काम सुरू आहे.